बिगारी म्हणून नेपाळला: घर बांधायला जा, वाटेत देश पाहा

परदेशात घरं बांधायला स्वयंसेवक म्हणून गेलं की घर आपण बांधत नाही, हे आधीच सांगून टाकते. घर तिथला गवंडी बांधतो. आपण वाळू चाळतो, माल कालवतो, विटा हातोहात पुढे देतो, घमेली उचलतो आणि संध्याकाळी भिंतीवर पाणी मारतो. सोप्या शब्दांत, बिगारी. आठवडाभर बिगारकाम करायची तयारी असेल तर पुढचं वाचा. फोटोत थापी हातात धरून भिंतीशेजारी उभं राहायचं असेल, तर त्यासाठी इतकं लांब कशाला, जुळे सोलापुरात दर चौथ्या प्लॉटवर काम सुरू असतं की.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. साईट सुपरवायझर म्हणून सोलापुरात केस पांढरे केले. नेपाळात काभ्रेपलाञ्चोक जिल्ह्यात अशा कामाला जाऊन आले, तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक विचारतात, "ताई, आम्हाला पण जायचंय, काय करावं लागतं?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

पैसेच का पाठवू नयेत?

हा प्रश्न माझ्या मोठ्या दिरांनी विचारला होता आणि प्रश्न रास्त आहे. विमानाच्या तिकिटाच्या पैशांत तिथल्या गवंड्याची बऱ्याच दिवसांची मजुरी निघते. आणि तो आपल्यापेक्षा दुप्पट वेगानं, सरळ ओळंब्यात भिंत उभी करतो. फक्त मदत हाच हेतू असेल तर खुशाल पैसे पाठवा, घरी बसा. त्यात कमीपणा काही नाही.

पण आपल्याकडून दरवर्षी किती लोक पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करायला जातात बघा. तो खर्च तसाही होणारच असतो. त्याच सहलीला कामाचा एक आठवडा जोडला तर कार्यक्रमाची फी म्हणून भरलेले पैसे सिमेंट-सळईला जातात, आणि देश टूरच्या बसच्या खिडकीतून न दिसता जमिनीवरून दिसतो. मी हा हिशोब मांडल्यावर दीर गप्प बसले. पटलं म्हणून की कंटाळून, ते विचारलं नाही.

नेपाळच का?

२५ एप्रिल २०१५ ला तिथं ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली, पाच लाखांच्या आसपास घरं पूर्ण पडली. त्यातली बरीचशी परत उभी राहिली. सरकारनं घरामागे तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले: पाया झाला की पुढचा हप्ता, भिंती झाल्या की त्यापुढचा. पण संकटं थांबली नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये पश्चिमेकडे जाजरकोटला भूकंप, सप्टेंबर २०२४ मध्ये काभ्रेतल्या रोशी नदीच्या खोऱ्यात पूर. घरांची गरज संपलेली नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते ना? आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. सोलापूरही हललं होतं, पण किल्लारीकडची गावंच्या गावं बसली. तिथली घरं आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारखीच: दोन-अडीच फुटी दगडाच्या भिंती, दगडांमध्ये नुसता चिखल, वर लाकडी तुळयांवर मातीचं जाड माळवद. भिंत जाड म्हणजे मजबूत, असा आपला समज. खरं तर ती एक भिंत नसतेच. आतली एक रांग, बाहेरची एक रांग, मध्ये बारीक दगडांची भर. हादरा बसला की दोन्ही रांगा एकमेकींना सोडतात, भिंतीला पोट येतं, आणि माळवदाचं सगळं वजन झोपलेल्या माणसांवर येतं.

नेपाळच्या डोंगरातही हाच दगड आणि हाच चिखल. म्हणून तिथं काम करताना एकच गोष्ट नीट बघून घ्या: नव्या घरात ते काय बदलतात. दगडी भिंत असेल तर ठराविक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालतात, त्यानं दोन्ही रांगा बांधल्या जातात. जोत्यावर, खिडकीच्या खाली, खिडकी-दाराच्या वर आणि छताखाली असे आडवे पट्टे चारी भिंतींना कवळून फिरवतात, कुठं काँक्रीटचे तर कुठं लाकडाचे. छप्पर हलकं पत्र्याचं. काही गावांत माती-सिमेंटच्या, न भाजलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या दाबविटा वापरतात आणि त्यांच्या भोकांतून उभी सळई नेतात. तराईकडे, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यात, बांबूच्या घरांचं कामही चालतं. यातलं काय आपल्या गावाकडच्या जुन्या घराला लागू पडेल, हा विचार डोक्यात ठेवून गेलात तर आठवड्याचं चीज होतं.

कुणाबरोबर जायचं

सगळ्यात मोठं नाव हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मिलार्ड आणि लिंडा फुलर या जोडप्यानं ती सुरू केली. आपल्याकडे ती माहीत आहे ती अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यामुळे: २००६ मध्ये ते स्वतः लोणावळ्याजवळ आले होते आणि हजारो स्वयंसेवकांनी मिळून शंभर घरांचं काम केलं होतं. त्यांच्या ग्लोबल व्हिलेज नावाच्या कार्यक्रमात टीम करून परदेशी जाता येतं. फी आपणच भरायची. त्यात राहणं, जेवण, स्थानिक प्रवास, विमा आणि बांधकामाला देणगी धरलेली असते, विमान वेगळं. शेवटी फिरण्याचे एक-दोन दिवसही कार्यक्रमातच असतात. ऑल हँड्स अँड हार्ट्स नावाची दुसरी संस्था आपत्तीनंतरच्या कामाला माणसं घेते, त्यांच्याकडे फी नसते, पण राहणं साधं आणि काम जास्त कष्टाचं. कुठल्या देशात, कुठल्या महिन्यात जागा आहे, हे त्यांच्या यादीत बघूनच बाकीचं ठरवा.

संस्था मोठी असो की छोटी, पैसे भरण्याआधी फोनवर किंवा मेलवर चार गोष्टी विचाराच. घर ज्या जागेवर बांधताय तिचा लालपुर्जा, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा मालकीचा कागद, कुणाच्या नावावर आहे? तो घरच्या बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर उत्तम. गवंडी पगारी आणि गावचाच आहे का, की आमच्यामुळे त्याचं काम जातंय? घरमालकाचं कुटुंब स्वतः श्रमदान करतंय का? संस्था काठमांडूच्या समाज कल्याण परिषदेशी जोडलेली आहे का? या प्रश्नांना सरळ उत्तर आलं नाही की समजून जा. आणि "सकाळी बांधकाम, दुपारी अनाथाश्रमातल्या मुलांशी खेळणे" अशी जाहिरात दिसली तर तिथंच फोन ठेवा. परदेशी पाहुण्यांच्या पैशासाठी आई-बाप असलेल्या मुलांना अनाथाश्रमात ठेवण्याचे प्रकार नेपाळात झालेले आहेत.

जाण्याआधी एखाद्या रविवारी सोलापूरजवळच्या कुंभारीला चक्कर मारा असं मी सगळ्यांना सांगते. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत. पलीकडे रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला दिला गेला. तिथं एखाद्या विडी वळणाऱ्या मावशीजवळ बसून विचारा, घर नावावर व्हायला काय काय लागलं. कर्ज, हप्ते, कागद, पाणी, बस. इतकं ऐकून नेपाळला गेलात की घरमालकिणीला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे आपोआप कळतं.

तयारी

कागदपत्रांचं सोपं आहे. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नुसतं आधार कार्ड चालत नाही, विमानतळावरून परत पाठवतात. तरी पासपोर्ट काढाच, संस्थेला तो लागतो आणि आता त्यासाठी पुण्याला जायला नको, सोलापुरात पोस्टातच केंद्र आहे. कंबोडिया, व्हिएतनामसारख्या देशांत जाणार असाल तर मात्र व्हिसाचं संस्थेलाच लेखी विचारा, कारण बऱ्याच देशांत बिनपगारी कामसुद्धा कामच धरतात आणि टुरिस्ट व्हिसावर ते चालत नाही.

विमा घेताना एजंटला स्पष्ट सांगा की मी अंगमेहनतीचं काम करणार आहे. साध्या प्रवास विम्यात ते बहुतेक वेळा बसत नाही, आणि हे पाय मोडल्यावर कळून उपयोग नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. टायफॉईड आणि कावीळ अ ची लस डॉक्टरांना विचारून.

शरीराची तयारी हा खरा विषय. जिममध्ये डंबेल्स मारणारी पोरं पहिल्या दिवशी दुपारीच बसतात, कारण घमेलं उचलण्यात जोर कमी आणि लय जास्त लागते. ओळखीच्या ठेकेदाराला सांगून तीन-चार रविवार साईटवर जा. फावड्यानं माल कालवायला शिका: आधी वाळू-सिमेंट कोरडंच तीनदा पालथं घालायचं, एकसारखा रंग आला की मध्ये आळं करून पाणी सोडायचं. विटा आधी पाण्यात भिजवायच्या, नाहीतर त्या मालातलं पाणी पिऊन टाकतात आणि सांधा कच्चा राहतो. वजन उचलताना गुडघ्यात वाका, कमरेत नाही. एवढं येत असेल तर तिथला गवंडी दुसऱ्या दिवशी तुम्हाला दोरी धरायला बोलावतो. ही बढती समजा.

ओलं सिमेंट कातडी खातं. कापडी हातमोजे त्यात बुडाले की उलट जास्त त्रास, म्हणून रबरी घ्या. दोन जोड इथूनच न्या, तिथं आपल्या मापाचे मिळतीलच असं नाही, बायकांच्या मापाचे तर नाहीच. रात्री हातांना खोबरेल तेल. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते घरी आठवडाभर घालून मऊ करून घ्या. डोक्याला सोलापुरी टॉवेल. गॉगल साधा नको, कडेनं झाकणारा हवा, दगड फोडताना कपची उडते. बायकांनी सैल ओढणी, बांगड्या, लांब कुर्ते घरी ठेवावेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड पँट बरी. साईटवर संडासाची सोय कुठे आणि किती लांब आहे, हे आधीच विचारून ठेवा. लाजायचं कारण नाही, टीममधल्या सगळ्या बायका तुमचे आभार मानतील.

खाण्याचं म्हणाल तर तिथं दोन्ही वेळा डाळ-भात-तरकारी मिळते आणि चांगली मिळते. पण चौथ्या दिवशी सोलापूरच्या जिभेला काहीतरी टोचतं. शेंगा चटणी आणि कडक भाकरी न्या. दोन्ही कित्येक आठवडे टिकतात. माझ्या चटणीचा डबा तिथल्या गवंड्यांनीच संपवला.

कधी आणि कसं

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. पावसाळ्यात रस्ते कोसळतात. ऑक्टोबर धरलात तर दशैं आणि तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, कधी आहे ते बघा, त्या दिवसांत गवंडी गावी जातो आणि साईट बंद. नोव्हेंबरात सकाळी चांगलीच थंडी असते. थंडीत सिमेंट सावकाश धरतं, म्हणून घाईनं पुढचा थर चढवू देत नाहीत. आपण चुळबुळ करायची नाही.

मुंबईहून काठमांडूला विमान आहे, दोन-तीन तासांत पोचवतं. वेळ असेल तर मात्र जाताना जमिनीवरून जा. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई, तिथून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेसनं गोरखपूर, पुढे बसनं सुनौलीची सीमा. पलीकडे भैरहवा, आणि तिथून लुंबिनी अगदी जवळ. बुद्धाच्या जन्मस्थळी एक मुक्काम कराच. मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ आहे, त्यावर राजा स्वतः इथं आला होता आणि गावाचा कर त्यानं कमी केला असं कोरलेलं आहे. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीलाही अशोकाचे लेख सापडलेत. दोन्ही बघितले की त्याचा पल्ला केवढा होता याचा अंदाज येतो. लुंबिनीहून काठमांडूला बसनं अख्खा दिवस धरा.

पैशाचं सांगते. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०, हा दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा सोबत ठेवा, त्यांना कुठं अडचण येत नाही. शहरात काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं, गावात नोटाच. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नाहीतर पहिल्याच सकाळी जीप निघून जाते.

साईटवर

गवंड्याला तिथं डकर्मी म्हणतात, सुताराला सिकर्मी. त्यांना "दाइ" म्हणा, बायकांना "दिदी". हो, बायका, कारण गावातले तरुण पुरुष आखातात, मलेशियात नाहीतर आपल्याकडे कामाला गेलेले, म्हणून भूकंपानंतर कितीतरी बायका गवंडीकाम शिकल्या. माझ्या साईटवर हेडमिस्त्री पुरुष होता, पण कोपरे लावायला तो एका दिदीला बोलवायचा. कोपरा चुकला की सगळी भिंत चुकते, त्यामुळे तो मान कुणालाही मिळत नाही. सोलापुरात इतकी वर्षं काढली, बाईच्या हातात ओळंबा दिलेला मी पाहिला नव्हता. आमच्याकडे बाईला घमेलंच. परत आल्यावर मी दोन जणींना माझ्या साईटवर वीटकाम शिकवायला घेतलं, ठेकेदार अजून कुरकुरतोय.

शिकवायला जाऊ नका. आपण सिव्हिलवाले याबाबतीत फार वाईट. तिथल्या दगडाचा, उताराचा, पावसाचा हिशोब त्यांना जास्त कळतो. काही खरंच खटकलं, म्हणजे परांचीचा बांबू हलतोय किंवा खड्ड्याची कड सुटलीये, तर लगेच टीम लीडरला सांगा. आणि घरमालकाच्या मुलांना चॉकलेट, पैसे वाटू नका. भेट द्यायचीच असेल तर शेवटच्या दिवशी घरच्या बाईच्या हातात एक सोलापुरी चादर द्या. वजन होतं खरं, पण डोंगरातल्या थंडीत तिचा उपयोग होतो.

सुटीच्या दिवशी आणि नंतर

तिथं सुटी शनिवारी. काभ्रेत असाल तर पनौती गाठा. तिथलं इंद्रेश्वर महादेवाचं देऊळ १२९४ सालचं मानतात, नेपाळातल्या सगळ्यात जुन्या पॅगोडा पद्धतीच्या देवळांपैकी एक. गाव छोटं, गर्दी नाही. धुलिखेलला आकाश मोकळं असेल तर पहाटे हिमशिखरांची रांग दिसते. नमोबुद्ध हे बौद्धांचं तीर्थही त्याच बाजूला.

काम संपल्यावर भक्तपूरला मुक्काम करा, धावती भेट नको. पाच मजली न्यातपोल देऊळ १७०२ साली राजा भूपतींद्र मल्लानं बांधलं. १९३४ चा मोठा भूकंप त्यानं पचवला आणि २०१५ चाही, आजूबाजूची देवळं पडली तरी. खालची पाच थरांची रुंद पायथ्याची रचना आणि भिंतीत गुंफलेलं लाकूड नीट न्याहाळा. आठवडाभर आडवे पट्टे बांधून आलेल्या माणसाला ते वेगळंच दिसतं. जुन्या इमारतींची दर्शनी वीटही हात लावून बघा: पाचरीच्या आकाराची, त्यामुळे बाहेरून सांध्यात माल दिसतच नाही. आपल्याकडे इतकं बारीक वीटकाम करून घ्यायचं म्हटलं तर गवंडी दुसऱ्या दिवशी येणार नाही. चौकात मातीच्या भांड्यातलं जुजु धौ मिळतं, घट्ट गोड दही. पाटणला कृष्णमंदिर बघा, १६३७ चं, सगळं दगडी. काठमांडूत काष्ठमंडप आणि धरहरा मनोरा दोन्ही २०१५ मध्ये पडले आणि पुन्हा उभारले. काष्ठमंडप लाकडाविटांत जुन्या पद्धतीनं केलाय, धरहरा आधुनिक बांधणीचा. दोन्ही एकाच दिवशी बघा आणि आपलं मत बनवा. माझं मत काष्ठमंडपाच्या बाजूनं. या चौकांत सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट कमी असतं, ओळखपत्र खिशात ठेवा.

मुक्तिनाथ करायचं असेल तर कामानंतरच. ते साधारण ३,७०० मीटरवर आहे. साईट दीड-दोन हजार मीटरवर असते, तिथं उंचीचा त्रास होत नाही, वर मात्र होऊ शकतो. पोखरा, मग जोमसोम असं थांबत थांबत जा. पोखराहून जोमसोमची विमानं सकाळीच उडतात, दुपारी वारा सुटतो. वाऱ्यानं विमान रद्द होणं तिथं नेहमीचंच, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

परत निघताना बूट, हातमोजे, गॉगल साईटवर देऊन या. टीम लीडरकडे न देता हेडमिस्त्रीच्या हातात द्या, कुणाच्या पायाला कोणतं माप बसतं ते त्याला माहीत असतं.